बहाव्याच्या आळ्यातलं पाणी

बाई,

सगळ्यांच्या आया आई असतात, आमची तू बाई होतीस. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं, दोघींचं बरं चाललं होतं. आज परसातल्या झाडांचं निमित्त झालंय. नगरच्या कडेला, जिथं परवापर्यंत ज्वारीची रानं होती, तिथं आम्ही दोघांनी पाच वर्षांपूर्वी घर बांधलं. नगरचं नाव आता बदललंय, पण तुला सांगताना मी नगरच म्हणते. घराच्या मागं वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब परस आहे, तोंड पश्चिमेला. दुपारी बाराला जे ऊन येऊन बसतं ते दिवेलागणीलाच उठतं. शेजाऱ्याची दुमजली भिंत तापते आणि ऊन गेल्यावरही तिच्यातून धग येत राहते. खाली सगळा मुरूम, बोअर कधीच आटलेला, नळाला चौथ्या दिवशी पाणी. नर्सरीवाला म्हणाला, मॅडम, छानपैकी लॉन करून घ्या, कडेनं गुलाब लावू. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो पुढचं बोलायचं विसरला. ते बघणं तुझं होतं, हे मला घरी येता येता रिक्षात कळलं.

मग मी तुझ्याच पद्धतीनं झाडं निवडली. तिसगावच्या आपल्या घरामागं तू जे लावायचीस तेच. कुंपणाला करवंद, कारण त्याला काटे आहेत आणि त्याला कुणी लागत नाही. भिंतीलगत निरगुडी. मग सीताफळ, शेवगा, कोरफड, दगडांच्या कडेनं सदाफुली, कोपऱ्यात पांढरा चाफा आणि मधोमध बहावा. खड्डे एप्रिलमध्ये काढून उन्हात भाजू दिले, रोपं आषाढात लावली, बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलं, वरून दगड मांडले. पाणीसुद्धा तू द्यायचीस तसंच. रोज तांब्या-तांब्या घालत बसायचं नाही, एकदाच दोन बादल्या ओतायच्या आणि दहा दिवस तिकडे फिरकायचं नाही. पाणी खाली गेलं की मूळ त्याच्या मागं खाली जातं. दुपारी पानांनी मान टाकली तरी लक्ष द्यायचं नाही. "दुपारी समदेच माना टाकत्यात," तू म्हणायचीस. "सकाळच्याला बघ. सकाळी बी मान खालीच आसंल, तर मंग दे पानी." मी हे शेजारणींना सांगते तेव्हा त्या मोबाईलवर लिहून घेतात. तू असतीस तर आमच्या कॉलनीच्या महिला मंडळानं तुझं व्याख्यान ठेवलं असतं, आणि तू पहिल्या दहा मिनिटांत कुणाच्या तरी अंगावर धावून गेली असतीस.

दादा गेले, तुझं कुंकू पुसलं तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर तू सरकारी रोपवाटिकेत रोजानं जायला लागलीस, आणि शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथंच यायचे. अजून दिसतं मला. तू पिशव्यांच्या रांगेत उकिडवी बसलेली आहेस, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीत. काळ्या पिशव्यांमधून रोपांची मुळं खाली जमिनीत शिरलेली असतात. महिन्या-दोन महिन्यांनी पिशव्या उचलून त्यांची जागा बदलायची, म्हणजे ती मुळं तुटतात. बाकीच्या बायका पिशवी हलकेच हलवून उचलतात. तू हिसका मारतेस. जुनं लुगडं फाडावं तसा आवाज होतो. मी एकदा विचारलं, त्याला दुखत नाही का? तू मान वर न करता म्हणालीस, "दुखतंय की. दुखल्याबिगर नवी मुळं फुटत न्हाईत." बहाव्याच्या बिया तू उकळत्या पाण्यात टाकायचीस, कारण त्यांचं टरफल इतकं टणक असतं की साध्या पाण्यात त्या वर्षभर तशाच पडून राहतील. आणि पावसाळ्याच्या तोंडावर रोपं गावोगाव पाठवायच्या आधी पंधरा दिवस त्यांचं पाणी तोडायचं. जी सुकली ती उपटून ढिगावर. हे सगळं बरोबर होतं, बाई. मी नंतर पुस्तकांतून वाचलं, असंच करतात. पण संध्याकाळी घरी येताना तू ते काम तिथं ठेवून यायची नाहीस.

घरी तू हाताला लागेल त्यानं मारायचीस. लाटणं, फुंकणी, झाडू, पिळलेला ओला टॉवेल. सांडलेल्या पाण्याला तर माफीच नव्हती. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि माझा धक्का लागून हंडा कलंडला तर तू आधी हंडा सरळ करायचीस, मग मला. एकदा शेजारच्या काकूंची शेळी करवंदीच्या फटीतून आत आली आणि तिनं सीताफळाचा कोवळा शेंडा खाल्ला. तू ओट्यावरून खुरपं फेकलंस. शेळीचा मागचा पाय गुडघ्यातून उलटा झाला. काकू काठी घेऊन आल्या, "सटवे, मुकं जनावर मारतीस व्हय गं!" आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून गल्लीत लोळलात. गल्लीतले पुरुष लांब उभे राहून बघत होते, मध्ये पडायची कुणाची छाती झाली नाही. तू उठलीस तेव्हा तुझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि मुठीत त्यांच्या केसांचा पुंजका होता. ते रक्त तू सीताफळाच्या आळ्यात थुंकलीस आणि म्हणालीस, "शेंडा परत फुटंल." तो फुटलाही. शेळी त्याच आठवड्यात कापली. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आता लाज वाटते.

त्याच वर्षी, मी पाचवीत असताना, तू माझ्यासाठी एक रोप आणलंस. पिशवी फाटली म्हणून टाकून दिलेला, वीतभर उंचीचा बहावा. तू माझ्यासाठी कधी काही आणत नसायचीस, म्हणून मला आधी वाटलं की हेही काहीतरी कामच असणार. परसाच्या मधोमध खड्डा काढून तू तो लावलास, हात झाडलेस आणि म्हणालीस, "जगला तर तुझा. मेला तर चुलीत." माझं म्हणावं असं तोवर एक पाटी आणि दोन फ्रॉक सोडून काही नव्हतं. बहावा कसा फुलतो ते मी रोपवाटिकेच्या फाटकाशी बघितलं होतं, सगळं रान जळत असतं तेव्हा तो पिवळ्या झुंबरांनी लगडतो. तो जगलाच पाहिजे होता. होळी झाली आणि तू तुझ्या रिवाजाप्रमाणे परसातल्या सगळ्या झाडांचं पाणी बंद केलंस. दुपारी त्याची पानं लोंबायला लागली. सकाळी बघायचं हा तुझा नियम मला पाठ होता, पण सकाळी माझी शाळा असायची आणि रोपवाटिकेत यायचं सोडल्यापासून दुपारी मी एकटी घरात. मला बघवेना. मी माझं प्यायचं पाणी त्याला द्यायला लागले. निम्मा तांब्या मी प्यायचे, निम्मा त्याच्या बुंध्याशी, आणि ओल दिसू नये म्हणून वर कोरडी माती भुरभुरायचे. सव्वा महिना हे चाललं. रोप हिरवंगार. तू एकदा त्याच्यापाशी थांबलीस आणि म्हणालीस, "लई चिवट निघालं की गं हे." आणि माझ्याकडं बघून हसलीस. तू हसलेली मला फार थोड्या वेळा आठवतेस, त्यातली ही एक.

मेमध्ये मावशी मला आठ दिवसांसाठी नेवाशाला घेऊन गेली. तिथं नदी होती, नदीला पाणी होतं, मी पोटभर डुंबले, आणि बहाव्याचं काय झालं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. परत आले तर तू परसात उभी होतीस. बहावा वाळून काडी झाला होता. कुदळीनं भोवतीची माती सैल केलीस, रोप उचललंस, झटकलंस आणि त्याची मुळं बोटांनी पसरून बघत राहिलीस, आलेली चिठ्ठी कुणी वाचावी तशी. सगळी मुळं वरच्या चार बोटं मातीत गोळा झाली होती. खाली एकही गेलेलं नव्हतं. "ह्याला रोज पानी पाजलंय," तू म्हणालीस. "कुनी पाजलं?" मी म्हटलं, मी नाही. तू माझे केस धरलेस, मला खड्ड्यापाशी ओढत नेलंस आणि माझं तोंड आत दाबलंस. "बघ! मुळं बघ त्येची! खाली जायाची गरजच ठिवली न्हाईस तू त्येला. तूच मारलंस!" माझ्या तोंडात माती गेली. मग तू निरगुडीचा फोक तोडलास. तो पाठीवर, पोटऱ्यांवर बसत होता आणि मी ओरडत होते, "बाई नको, बाई नको." फोक मोडला तेव्हा तू कुदळ उचललीस, उलटी धरून. मी हात मध्ये घातला. दांडा उजव्या मनगटावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचं आपण दोघींनीही ऐकलं. तू ऐकलंस हे मला माहीत आहे, कारण तू थांबलीस. आणि मग आणखी दोनदा मारलंस. बाई, एवढ्या वर्षांत पहिल्या फटक्याचा राग कधीच निवला. त्या नंतरच्या दोनांचा जाब मला तुला विचारायचा होता आणि तू होतीस तोवर माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी तू चुलीवर तवा तापवलास. ज्या झुडपाचा फोक होता त्याच निरगुडीची पानं तव्यावर टाकलीस, एरंडेलाचा हात लावलास आणि चटका बसेल इतकी गरम पानं माझ्या मनगटावर ठेवून वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलीस. तो उग्र वास घरभर झाला. भाकरी दुधात कुस्करून माझ्या तोंडात एकेक घास घातलास, आणि मी तो गिळला, कारण भूक लागली होती आणि तू इतक्या जवळ कधी बसत नसायचीस. दुसऱ्या दिवशी बाजारात हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलंस. त्यानं विचारलं, "काय झालं गं पोरी?" मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "पडले." शाळा उघडल्यावर गुरुजींनी विचारलं, त्यांनाही तेच. हाड तिरकं बसलं. पुढं तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि तीस वर्षं फळ्यावरच्या माझ्या ओळी उजवीकडे खाली घसरत राहिल्या. मुलं मान वाकडी करून वाचायची.

पावसाळ्यात तू दुसरा बहावा आणून त्याच खड्ड्यात लावलास. तो कुणाचा हे तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. मी परसात जायचंच सोडलं होतं. तो जगला, मोठा झाला. हे घर बांधायला तिसगावचं घर विकलं तेव्हा मी त्याच्या शेंगा घेऊन आले आणि त्यातल्याच बिया उकळत्या पाण्यात टाकून माझ्या परसातला बहावा केला. लोक म्हणायचे, आई कडक होती म्हणून पोरगी शिकली. तूही चारचौघांत बोलून दाखवायचीस, "मार खाल्ला म्हनून मास्तरीन झाली." आता ठणकावून सांगते. मी रोप नव्हते. मी तुझ्या मारानं शिकले नाही, तुझ्या घरातून निघायचं होतं म्हणून शिकले. आणि वर्गातल्या एकाही मुलावर मी कधी हात उगारला नाही, पोटच्या मुलीवरही नाही. त्याचा मला इतका ताठा होता की भिंतीलगत निरगुडी लावताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. औषधी असते, असू दे घरात, एवढंच मनात आलं.

आता तुझ्या जावयांचं सांगते. तुला ते आवडायचे, "गरीब गाय हाय," म्हणायचीस. तीन वर्षांपासून त्यांना विसरायला होतंय. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आमच्या मुलीचं नाव. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला घरातल्या घरात मोरी सापडत नाही. मी मुदतीआधी नोकरी सोडली ती ह्यांच्यासाठीच. सगळं विसरले, पण एक गोष्ट धरून बसलेत. परसाच्या दारात उभे राहतात, उन्हात माना टाकलेली झाडं बघतात आणि कासावीस होतात. "अगं, झाडं तहानलीत. पाणी घातलंस का?" घातलं म्हटलं तरी पाच मिनिटांनी परत तेच. माझी पाठ वळली की पाइप हातात. एका आळ्यात घालतात, दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिलं विसरतात आणि पुन्हा पहिल्यात घालतात. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. कोरफड आतून सडली, हात लावला तर लगदा. चाफ्याचं खोड मऊ पडलं आणि एक दिवस आपोआप आडवं झालं. सदाफुली गेली. पाण्याविना राहायला मी ज्यांना शिकवलं होतं त्यातलं एकही उन्हानं गेलं नाही, सगळी पाण्यानं चालली. पाइप लपवला तर हे मगानं घालायचे, तो मगही लपवला तर ओंजळीनं.

मार्चमध्ये एका दुपारी मी भाजी घेऊन घरी आले. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. मोरीत गेले तर थेंब नाही, टाकी कोरडी. परसात हे उभे. पाइपातली शेवटची धार बहाव्याच्या आळ्यात पडतेय, आळं तुडुंब, पाचट वर तरंगतंय आणि बहाव्याची पिवळी पडलेली पानं त्या पाण्यात. ह्यांचे पाय चिखलात आणि चेहरा आनंदानं फुललेला. म्हणाले, "बघ, आता कसा तरतरीत होईल." त्यानंतर माझ्या डोक्यात काय झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हटलं तर मला जमणार नाही, तुला सांगायची गरज नाही. मी निरगुडीचा फोक तोडला. पहिला फटका पाइप धरलेल्या हातावर. दुसरा दंडावर, तिसरा पाठीवर, पुढचे मी मोजले नाहीत. पासष्टीचा उंचापुरा माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून चिखलात बसला. मी ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते ऐक. "तूच मारलंस त्याला! तूच मारलंस!" तेहतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. आणि हे म्हणत होते, "आई, नको. आई, नको." फोक मोडला. माझी नजर कुदळ शोधायला लागली. ती भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडे दोन पावलं टाकली, बाई. तिथून मागं फिरले ती काही शहाणपण सुचलं म्हणून नाही. चिखलात पाय घसरून मी आडवी झाले, म्हणून.

पुढचं तुला ओळखीचं वाटेल. मी त्यांना उठवलं, पाय पुसले, खुर्चीत बसवलं. दहा मिनिटांनी त्यांनी बाही वर केली आणि दंडावरचे वळ बघून नवलानं विचारलं, "अगं, हे काय झालं गं मला? कुठं लागलं?" मी म्हटलं, "पडलात." मी तवा तापवला, निरगुडीची पानं टाकली, एरंडेल लावलं, पट्ट्या बांधल्या. तोच वास घरभर. हे माझा हात धरून म्हणाले, "किती करतेस गं माझ्यासाठी." मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांच्या कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. तुला वाटेल मी रडले असेन. नाही रडले. मला हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती बसली. त्या संध्याकाळी भाकरी कुस्करताना तुलाही असंच हलकं वाटत होतं का? मला खरंच विचारायचंय, टोमणा मारत नाही. एप्रिलमध्ये पुन्हा दोनदा झालं. एकदा पाइपानं पाठीवर, एकदा उघड्या हातानं तोंडावर. ज्याला मारलं त्याला आठवत नाही आणि बघायला घरात कुणी नव्हतं.

मुलगी गेल्या रविवारी पुण्याहून आली. वडिलांचा शर्ट बदलताना तिला पाठ दिसली. बाहेर येऊन म्हणाली, "आई, बाबांच्या पाठीला काय झालंय?" मी म्हटलं, "परसात पडले, चिखलात." ती परसात गेली आणि निरगुडीपाशी उभी राहिली. मोडलेल्या फांदीच्या जागेवरून तिनं बोट फिरवलं. तिला सगळं ठाऊक होतं, कारण ती लहान असताना मनगट दाखवून मीच तिला ती गोष्ट सांगितली होती. आत येऊन ती माझ्यासमोर बसली. "आई, तू तुझ्या गुरुजींना काय सांगितलं होतंस? पडले, असंच ना?" मी मान खाली घातली. "बाबांना मी आत्ता घेऊन जाऊ शकते," ती म्हणाली. "पण ते तिथं तुला शोधत फिरतील. उद्यापासून दिवसभर एक मावशी येतील, मी ठरवून टाकलंय, त्या मला रोज फोन करतील. मी पुढच्या रविवारी येते. नवा एक जरी वळ दिसला तरी मी तुला काही विचारणार नाही, गाडीत बसवून नेईन." जाताना ती वडिलांच्या पाया पडली. माझ्या पडली नाही.

ती गेली आणि मी सगळ्यात आधी निरगुडी मुळापासून काढली. ह्या मनगटानं तीन तास लागले. मुळं खोलवर गेली होती, तुझ्याच पद्धतीनं वाढवलेली ना. तुटताना तोच आवाज. मग परसाच्या दारात बसले आणि विचार केला, अशा भाजणाऱ्या जागेत आता काय लावावं. तू शिकवलेलं सगळं उलटं करून बघितलं. उन्हाला टिकणारी झाडं लावून झाली. आता ह्यांच्या पाण्याला टिकेल असं काहीतरी हवं, कितीही पाजलं तरी सडणार नाही असं. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं मी चर खणून अळू लावलं आणि त्याच्यामागं केळीच्या बुंध्याशी फुटलेले तीन मुनवे. कामाच्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ताई, ह्या उन्हात केळ? येड लागलं का काय?" मी म्हटलं, "व्हय, लागलंय." इतक्या वर्षांनी तुझी बोली माझ्या तोंडात आली. पाइप काढून मावशींना देऊन टाकला. भांड्याधुण्याचं, अंघोळीचं पाणी आता पिंपात साठवते आणि एक लहान झारी ह्यांच्या हातात दिली आहे. दुपारी अळूची पानं लोळागोळा होतात, हे कासावीस होतात, झारी भरतात, ओततात, परत भरतात. ऊन उतरलं की अळू मान वर करतं आणि ह्यांना वाटतं आपण कुणाला तरी वाचवलं. बहावा मात्र जगायचा नाही. वरच्या फांद्या वाळल्यात, बुंध्याची साल सुटायला लागली आहे. तुझ्या झाडाच्या बियांचा एवढा एकच होता. आज सकाळी ह्यांनी त्याच्याही आळ्यात दोन झाऱ्या ओतल्या. मी खुर्चीतून उठले. माझी मूठ वळलेली होती. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून परत बसले आणि मावशींना म्हटलं, चहा टाका.

उद्या रविवार. मुलगी येईल, वडिलांचा शर्ट वर करून बघेल. नवा वळ नाही. पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही, म्हणून तिला म्हणणार आहे की मावशींना कायमचं ठेव आणि मला एकटीला ह्यांच्याजवळ सोडू नको. तीन वेळा काय झालं तेही सांगणार आहे, पडले हा शब्द न वापरता. तिनं त्यांना नेलं तर नेईल. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून बियांच्या रिकाम्या डब्यात ठेवते. हे बाहेरून विचारताहेत, अगं, पाणी घातलंस का? सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे. मी पहिल्या हाकेला ओ देते, दरवेळी. म्हणते, तुम्हीच घाला.

एक राहिलं. तुझं अंग लुळं पडलं आणि मी तुला माझ्या घरी आणलं, त्या मे महिन्यातली एक दुपार. तू खाटेवरून म्हणालीस, "पानी दे गं." मी स्वयंपाकघरात होते. तू पुन्हा मागितलंस. भरलेला तांब्या माझ्या हातात होता आणि मी दाराआड उभी होते. दुपारी सगळेच माना टाकतात, असं मी मनात म्हटलं. तिसऱ्यांदा मागताना तुझा आवाज फुटेना, तेव्हा मी आले. तू चालत्या हातानं माझं तिरकं मनगट घट्ट धरलंस आणि घटाघटा प्यायलीस, निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. मी तुला म्हटलं, भांडी घासत होते, आवाजात ऐकू आलं नाही. भांडी तर केव्हाच घासून पालथी घातली होती. मला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं, बाई.